वड आहे, मग खोड कुठं गेलं?

या वेळी टपालात झाडांचीच पत्रं जास्त आली, म्हणून म्हटलं एकत्रच घेऊ. पहिलं पत्र लांबलचक आहे पण मी फारसं कापलेलं नाही, कारण त्यातच सगळी मजा आहे.

प्रश्न: नमस्कार सर. आमच्या घरी पणजोबांनी, म्हणजे आईच्या आजोबांनी, कलकत्त्याहून पाठवलेलं एक जुनं फोटोचं पोस्टकार्ड आहे. ते बंगाल नागपूर रेल्वेत कारकून होते. फोटो तिथल्या बोटॅनिकल गार्डनमधल्या मोठ्या वडाचा. मधोमध खोड, आणि ते इतकं जाड की समोर छत्री घेऊन उभा असलेला माणूस काडेपेटीतल्या काडीएवढा दिसतो. आईचं लहानपणापासून होतं की एकदा तिथं जायचं आणि त्याच जागी उभं राहून फोटो काढायचा. या डिसेंबरात जमवलं. आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात, तरी हट्टानं झाडाला अख्खी फेरी मारली, पण खोड काही दिसेना, नुसते खांबच खांब. शेवटी तिथल्या गार्डला पोस्टकार्ड दाखवलं तर तो हसला आणि म्हणाला, ये तो कब का काट दिया, उन्नीस सौ पच्चीस में. आई तिथंच बाकावर बसली. टॅक्सीत काही बोलली नाही आणि रात्री हॉटेलात एकदम म्हणाली, मग आपण पाहिलं ते झाड कोणतं? तर सर, एक म्हणजे हे तेच झाड म्हणायचं का? दुसरं, फोटो नेमका कुठून काढला ते शोधता येईल का? आणि भाच्यानं नेटवरून बोर्न नावाच्या साहेबानं काढलेला वडाचा फोटो पाठवलाय, तो आमच्या कार्डापेक्षा वेगळाच वाटतो, मग खरा कोणता? कार्डावर सातव्या एडवर्डचं तिकीट आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर: आधी आईंच्या प्रश्नाचं बघू, बाकीचे दोन नंतर.

तेच झाड. शंभर टक्के तेच. गार्डनं सांगितलं तेही खरंच आहे, मधलं खोड १९२५ साली कापून काढलं. पण ते धट्टंकट्टं असताना कोणी कुऱ्हाड घातली असं नाही झालेलं. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला फार मोठं चक्रीवादळ आलं होतं, हजारो माणसं गेली त्यात, आणि तीन वर्षांनी, १८६७ ला, परत एक. या दोन वादळांत वडाच्या काही मोठ्या फांद्या मोडल्या, त्या जखमांतून बुरशी शिरली आणि मग वर्षानुवर्षं आतल्या आत कुजणं चालू राहिलं. म्हणजे पणजोबांनी कार्ड टाकलं तेव्हा ते खोड बाहेरून रुबाबदार असलं तरी आतून दुखणाईत होतं. घेर साधारण पावणेसोळा मीटर, नऊ-दहा माणसांनी हात पसरून धरावं एवढं. ते पूर्ण सडून रोग बाकीच्या झाडात पसरू नये म्हणून काढलं.

आता आंब्याचं खोड कापलं तर आंबा संपला, खालून फुटवा आला तर आला. वडाचं तसं नसतं. पारंबी आधी सुतळीएवढी लोंबत असते, टोक मऊ, फिकट, हात लावला तर ओलसर लागतं, आणि अशी ती कित्येक वर्षं नुसती हवेत झुलत राहू शकते. पण एकदा का जमिनीला टेकून रुतली की तिचं वागणंच बदलतं, ती आखडते, सतारीच्या तारेसारखी ताणली जाते, मग भराभर जाड होत जाते आणि वरच्या फांदीला परस्पर पाणी चढवायला लागते. त्या फांदीला मग मधल्या खोडाची गरजच उरत नाही. तुमच्या या शिबपूरच्या (बाग तिथंच आहे) वडाला अशा जमिनीत उतरलेल्या पारंब्या साडेतीन हजारांच्या वर आहेत. तुम्हाला जे खांबच खांब दिसले ना, ते हेच. त्यामुळे १९२५ ला मधलं खोड गेलं तरी झाड बिचारं तसंच चालू राहिलं.

आणि आईंना अजून एक गोष्ट सांगा, मला स्वतःला ही फार आवडते. १८४८ साली जोसेफ हूकर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हिमालयात जाताना कलकत्त्याच्या या बागेत आले होते. त्यांनी प्रवासाच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की १७८२ साली वडाच्या जागी एक खजुराचं झाड होतं, त्याच्या शेंड्यात हा वड उगवला, आणि खाली एक फकीर बसायचा, आणि हे आठवणारी माणसं थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत हयात होती. बाग तर कर्नल रॉबर्ट किडनं काढली १७८७ ला, म्हणजे झाड बागेच्या आधीचं. पक्ष्यानं बी टाकलं असणार, दुसरं काय. आता ही हकिकत धरून चाललो तर गंमत बघा, खजुराच्या डोक्यावर रुजलेल्या वडाला जमिनीवर यायचं तर मुळंच खाली सोडावी लागतात, ती खजुराला वेढा घालत उतरतात, जाड होतात, एकमेकांत मिसळतात, आणि आतला खजूर मरून जातो. आपण ज्याला मग खोड म्हणतो ते म्हणजे ही एकत्र झालेली मुळं. म्हणजे जे मूळ खोड गेलं म्हणून आई बाकावर बसल्या, ते खोडही एका अर्थानं पारंब्यांचंच होतं. जुन्या पारंब्या गेल्या, नव्या उभ्या आहेत.

(वय किती हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगायला लागला तर दोन पावलं मागं सरका. पाटीवर अडीचशे वर्षं असतं, हूकरच्या हिशोबानं थोडं कमी भरतं. खोडाच्या वलयांवरून वय काढतात म्हणावं तर इथं खोडच नाही, आणि असतं तरी अशा वडात त्या वलयांचा उपयोग नाही हे हूकरनंच म्हणून ठेवलंय.)

आता भाच्याच्या फोटोचं. सॅम्युअल बोर्न १८६३ ला भारतात आला, १८७० पर्यंत इथं होता, बोर्न अँड शेफर्ड ही प्रसिद्ध कंपनी त्याचीच. त्यानं शिबपूरचा वड टिपला हे खरं, पण बराकपूरच्या पार्कातला वडही टिपला, आणि नेटवर या दोघांची सर्रास अदलाबदल होते. बराकपूर म्हणजे गव्हर्नर जनरलचं सुट्टीचं घर होतं ते, कलकत्त्याच्या उत्तरेला, नदीच्या पूर्वेकडच्या काठावर. शिबपूर हावड्याच्या बाजूला, पश्चिमेला. तेव्हा भाच्याला म्हणावं फोटोखाली बराकपूर लिहिलंय का ते आधी बघ आणि मग फॉरवर्ड कर. बोर्नचं काम बाकी भारी होतं, काचेवर ओलं रसायन चढवायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच तिथंच तंबूत धुवायचा, एवढं सगळं त्या दमट हवेत. तेव्हा काही सेकंद लेन्स उघडी ठेवावी लागायची, त्यामुळे खोड रेखीव येतं आणि वाऱ्यानं हललेली पानं पुसल्यासारखी दिसतात. तुमच्या कार्डावर पानं कशी आहेत बघा जरा.

आणि हो, तिकिटाचं. सातव्या एडवर्डची तिकिटं आपल्याकडे १९०२ ला आली आणि १९११ च्या शेवटी पाचव्या जॉर्जची आली, म्हणजे कार्ड साधारण त्या दहा वर्षांतलं. पण फोटो तेव्हाचाच असेल असं नाही बरं का. जुन्याच काचेवरून वर्षानुवर्षं कार्डं छापत राहायचे. म्हणून ते छत्रीवाले गृहस्थ कोण, पणजोबांच्या ओळखीचे का, या फंदात पडू नका.

उरला जागेचा प्रश्न. जुन्या फोटोची जागा शोधायची एक सोपी रीत आहे. फोटोत एकामागे एक दिसणाऱ्या दोन न हलणाऱ्या वस्तू धरायच्या, म्हणजे समजा देवळाचा कळस आणि मागचं डोंगराचं टोक, आणि फोटोत कळस त्या टोकाच्या ज्या बाजूला दिसतो तिथंच दिसेपर्यंत आपण डावीउजवीकडे सरकायचं. मग पुढंमागं. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्यांच्या मंडळींनी १९७७ ते ७९ मध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंच्या जागा अशा शोधून परत फोटो घेतले. पण त्यांना डोंगर होते हो. तुमच्या कार्डावर मागं काय आहे, तर वडच. पुढं काय, वडच. आणि हा वड जागचा हलतो, म्हणजे बाहेरच्या अंगाला पारंब्या टाकत पसरत जातो. कडेकडेनं गोल फिरता यावं म्हणून त्याच्याभोवती ३३० मीटरचा रस्ता केला होता, तर झाड तो ओलांडून पलीकडे गेलंय. त्यात २०२० च्या मे महिन्यात अम्फान चक्रीवादळ आलं, बागेतली शेकडो झाडं आडवी झाली, या वडाचेही बरेच खांब गेले. त्यामुळे खोडाची जागा म्हणजे मधला मोकळा भाग, एवढंच ढोबळ म्हणता येतं, आणि तिथं कुंपणाच्या आत सोडत नाहीत. छत्रीवाला उभा होता ती फूटभर जागा काही सापडायची नाही. सरळ सांगतो, नाद सोडा.

कार्डाच्या मागं काय लिहिलंय ते मात्र तुम्ही कळवलंच नाही. तेवढा फोटो पाठवा.

प्रश्न: सर, मी फ्रीमाँटला असतो. आमच्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये ॲन्सेल ॲडम्सचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो लावलाय, उघड्या खडकावर वाऱ्यानं एका अंगाला वाकलेलं एकटं पाइनचं झाड. खाली योसेमिटी, सेंटिनेल डोम असं लिहिलंय. पुण्याहून सासूसासरे आले होते, त्यांना मोठ्या उत्साहात तिथं घेऊन गेलो, वर पोचलो तर झाड नाहीच, एक वाळलेला ओंडका पडलेला. सासरे म्हणाले, जावईबापू, हे लाकूड दाखवायला एवढं चढवलंत होय? जागा चुकली का आमची?
— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर: जागा बरोबर होती, पोचायला वीसएक वर्षं उशीर झाला. तो ओंडका म्हणजेच ते झाड.

जेफ्री पाइन जातीचं झाड ते. ८,१२२ फुटांवरच्या त्या टकलावर, ग्रॅनाइटच्या भेगेत उगवलेलं. १८६७ ला कार्लटन वॉटकिन्सनं त्याचा फोटो काढला, १९४० ला ॲडम्सनं काढला, आणि त्यानंतर तर जो वर जाईल तो काढायला लागला. १९७६-७७ ला कॅलिफोर्नियात भयंकर दुष्काळ पडला. लोकांना त्या झाडाचं इतकं होतं की बादल्या भरभरून पाणी वर नेऊन घातलं. विचार करा, रेंजर आणि पर्यटक त्या घसरड्या खडकावरून बादल्या सांभाळत चाललेत. नाही वाचलं. पण मेल्यावरही पंचवीसेक वर्षं तसंच उभं राहिलं, आणि लोक तसाच फोटो काढत राहिले, कारण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फारसा फरक पडत नव्हता म्हणा. २००३ च्या ऑगस्टमध्ये पडलं.

आता नागपूरच्या ताईंच्या पत्राशेजारी तुमचं पत्र ठेवून बघा. त्यांचं झाड जिवंत आहे, वाढतंय, पण फोटोची जागा सापडत नाही. तुमचं झाड गेलं, पण जागा इंचभरही हललेली नाही. तो खडक, मागचे कडे, सगळं वॉटकिन्सच्या वेळी होतं तिथंच. तुम्ही मोबाइलवर तो फोटो उघडून, मागचे डोंगर जुळवत पाच मिनिटं पुढंमागं केलंत तर ॲडम्सनं तिवई लावली त्याच्या आसपास नक्की उभे राहाल. फक्त मधे झाड नसेल. मला विचाराल तर दोन्हीपैकी नागपूरकरांचं बरं, पण ते मी वडाच्या देशातला माणूस म्हणून म्हणत असेन.

सासऱ्यांची समजूत काढायची तर पुढच्या वेळी उन्हात तापलेल्या, उभ्या जेफ्री पाइनच्या सालीच्या भेगेला नाक लावायला सांगा. व्हॅनिलाचा वास येतो. खरंच येतो.

प्रश्न: गावातल्या पाराचा, वडासकट, १९६० च्या आसपासचा एकच फोटो आमच्याकडे आहे. वड रस्ता रुंदीकरणात गेला. फोटो खराब होत चाललाय म्हणून लॅमिनेट करून घेऊ का? दुकानदार करून देतो म्हणतोय.
— एक वाचक, सातारा

उत्तर: नको! अजिबात नको. लॅमिनेशनच्या उष्णतेनं आणि गोंदानं फोटो कायमचा जातो, परत सोडवता येत नाही. मागं सेलोटेप लावली असेल तर तीही ओढून काढायला जाऊ नका. आधी चांगला स्कॅन करून घ्या, मागच्या बाजूचाही, आणि मग मूळ फोटो साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात घालून कपाटात ठेवा, भिंतीवर नको, पावसाळ्यात सातारच्या भिंतींचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पाराचा चौथरा उरला असेल तर त्याची कड फोटोत पकडून बघा, वर सांगितलेली रीत तिथं चालेल.

नागपूरहून परत: अंक छापायला जायच्या आधी ताईंनी कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला, सोबत एवढंच, “मोडी आहे, घरात कोणालाच वाचता येत नाही, आईलाही नाही.”

मला मोडी अडखळत येते, म्हणून एका जुन्या मित्राला बसवलं, आम्ही दोघांनी भिंगाखाली धरून तासभर घातला. पत्ता आणि वरचा मायना सोडला तर मजकूर असा आहे: “काल रविवारी होडीने पलीकडे गेलो. वड पाहिला. सभोवार चालून मोजला, साडेचारशे पावले भरली. लोक शिदोरी घेऊन येतात. पाऊस नाही. बाकी क्षेम.”

होडीनं पलीकडे हे अगदी बरोबर बसतं. बंगाल नागपूर रेल्वेचं मुख्य ऑफिस गार्डन रीचला होतं, आणि तिथून नदी ओलांडली की समोर ही बाग. म्हणजे रोज ऑफिसातून नदीपलीकडे हिरवं दिसत असणार त्यांना.

आणि पावलांचं म्हणाल तर, मध्यम उंचीच्या माणसाचं पाऊल सव्वादोन-अडीच फूट धरा. साडेचारशे पावलं म्हणजे सव्वातीनशे मीटरच्या आसपास. जुना रस्ता ३३० मीटरचा होता म्हणालो ना मघाशी? पणजोबा झाडाच्या कडेकडेनं चालले होते, आणि मोजणीत फारसे चुकलेले नाहीत. कारकून होते शेवटी.

आज त्या वडाच्या पसाऱ्याचा घेर ४८६ मीटर भरतो. म्हणजे पणजोबांच्या पावलांनी जवळजवळ पावणेसातशे. आईंनी डिसेंबरात जी अख्खी फेरी मारली, गुडघे दुखत असताना, ती तीच फेरी होती, फक्त सव्वादोनशे पावलांनी लांबलेली. फोटोची जागा सापडली नाही, पण वाट सापडली होती, त्यांना माहीत नव्हतं इतकंच.

परत जाणार असाल तर थंडीतच जा, सकाळी लवकर, आणि आईंना पावलं मोजू द्या, तुम्ही मधे बोलू नका. सुरुवात कुठून केली तिथं ओळखीची काहीतरी खूण धरून ठेवा मात्र, नाहीतर पूर्ण फेरी झाली कधी ते कळायचं नाही, तिथं सगळे खांब सारखेच दिसतात.